सोळाव्या वर्षी पेशवा



यंदा माझ्या मुलीला गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, मग कित्येक महिने शेजारच्या सीटवर आईवडिलांपैकी कोणीतरी बसायचे, आणि सोळावे वर्ष लागले की मूल एकटे गाडी बाहेर काढू शकते. तेही सुरुवातीला रात्री नऊच्या आत. कॅरीच्या रस्त्यांवर तिच्या शेजारी बसून मी नसलेला ब्रेक किती वेळा दाबला, त्याची गणती नाही. ज्यांच्या घरात या वयाची मुले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नकोच.

गणेशोत्सवासाठी मुलांनी अष्टविनायकांवर कार्यक्रम बसवायचे ठरवले आणि तिच्या वाट्याला थेऊरचा चिंतामणी आला. थेऊरची माहिती काढायची म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव येणारच. ते सोळाव्या वर्षी पेशवे झाले हे वाचून ती थबकली. मला विचारू लागली की, इथे मला रात्री नऊनंतर एकटीला गाडी चालवू देत नाहीत आणि तुमच्या लोकांनी याच वयाच्या मुलाच्या हातात अख्खे राज्य कसे दिले? दुसरे कोणी शहाणे माणूस नव्हते का?

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर पटकन देता आले नाही. माझे बालपण हडपसरला गेले. संकष्टीला आजोबांचा हात धरून एस.टी.ने थेऊरला जायचो. देवळाचा तो प्रशस्त लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधला, हे आजोबांनी तेव्हाच सांगितले होते. पुढे रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी वाचली, दूरदर्शनवरची मालिका पाहिली. आपल्यापैकी बहुतेकांची माधवरावांशी ओळख अशीच झालेली असते. पण मुलीच्या प्रश्नाला कादंबरी पुरेना. म्हणून पुन्हा एकदा इतिहासाची पुस्तके काढून बसलो. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवत आहे.

पानिपताने काय नेले

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये कर्नाटकातल्या सावनूरला झाला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे चिरंजीव. दुसरे, हा शब्द महत्त्वाचा आहे. पेशवाई मिळायची होती ती थोरल्या विश्वासरावांना. राज्याच्या कारभाराचे आणि मोहिमांचे धडे द्यायचे ते त्यांना. माधवराव हे मागे पुण्यात राहिलेले, पूजाअर्चेची आवड असलेले आणि काहीसे तापट असे धाकटे भाऊ. त्यांच्यावर राज्याचा भार येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते मराठी माणूस अजून विसरलेला नाही. आपल्या बोलीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. विश्वासराव त्या दिवशी गोळी लागून पडले. वय अठरा. त्यांचे काका सदाशिवराव भाऊ गर्दीत घुसले ते परत आले नाहीत. एका दिवसात हजारो माणसे गेली आणि महाराष्ट्रात घरोघरी सुतक आले.

भाऊसाहेब नालायक होते असे मुळीच नाही. हिशेबात आणि कारभारात त्यांच्यासारखा माणूस पुण्यात नव्हता. पानिपताच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १७६० मध्ये, त्यांनी उदगीरला निजामाला नमवले होते. पण उत्तर हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. तिथली माणसे, तिथले जुने हेवेदावे, कोणाला कोणत्या गोष्टीचा राग येतो आणि कोण कशाने आपला होतो, हे दख्खनेत बसून कळण्यासारखे नव्हते. भरतपूरचा सुरजमल जाट सोबत होता, तो दिल्ली घेतल्यानंतर निघून गेला. रजपुतांपैकी कोणी मदतीला आले नाही. यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय फौजेबरोबर होता. कुंजपुरा जिंकण्यात गुंतलेले असताना अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. अडीच महिने फौज पानिपताला अडकून पडली आणि शेवटी उपाशीपोटी लढली. एका प्रांतातला अनुभव दुसऱ्या प्रांतात जसाच्या तसा चालत नाही, हा धडा आपल्या लोकांना फार महागात पडला.

मुलाच्या आणि भावाच्या दुःखाने नानासाहेब खचले. उत्तरेकडे मदत घेऊन निघालेले ते वाटेतूनच पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. सहा महिन्यांच्या आत राज्याचा पेशवा, त्याचा वारस आणि त्याचा कारभारी, तिघेही गेले. मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच. राज्य सोळा वर्षांच्या मुलाला कोणी निवडून दिले नाही. त्याच्या पुढे उभी असलेली माणसे पडली आणि तो एकदम पहिल्या रांगेत आला.

शेजारच्या सीटवरचे काका

२० जुलै १७६१ रोजी सातारच्या छत्रपतींनी माधवरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. पेशवे तरुणपणी गादीवर येणे नवीन नव्हते. पहिले बाजीराव एकोणिसाव्या वर्षी पेशवे झाले होते, नानासाहेबही एकोणिसाव्याच. पण बाजीराव वडिलांबरोबर मोहिमांत वाढले होते आणि नानासाहेबांनाही आधीपासून तयार केलेले होते. माधवरावांपाशी यातले काहीच नव्हते. तिजोरी रिकामी, डोक्यावर डोंगराएवढे कर्ज, निम्मे सरदार मेलेले आणि उरलेले आपापल्या जहागिरीच्या काळजीत. उत्तरेतला अंमल ढासळलेला. दक्षिणेत निजाम जुने उट्टे काढायला टपलेला आणि त्याच सुमारास म्हैसुरात हैदर अली नावाचा नवा, धूर्त आणि कर्तबगार माणूस सत्ता बळकावून बसलेला.

घरात होते काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. वय सत्तावीस. १७५८ साली लाहोरपर्यंत धडक मारून आलेले. शूर खरे, पण हलक्या कानाचे आणि पैशाच्या बाबतीत बेफिकीर. पुतण्या लहान, तेव्हा कारभार आपल्या हाती राहणार, असे त्यांनी धरून चालले होते. मला इथे गाडीची आठवण होते. शिकणाऱ्या मुलाच्या शेजारी बसणे वेगळे आणि त्याच्या हातातले स्टिअरिंग स्वतःच धरून ठेवणे वेगळे. दादांना दुसरे हवे होते.

वस्त्रे मिळून सहा महिने होतात न होतात तोच निजाम पुण्यावर चालून आला. १७६१ च्या अखेरीस तो उरुळीपर्यंत पोचला. हे उरुळी थेऊरच्या जवळचेच. मराठ्यांनी त्याला चांगले कोंडीत पकडले होते, पण दादांनी सौम्य तह करून त्याला सोडून दिले आणि उदगीरला मिळवलेल्या मुलखाचा बराच भाग परत केला. तरुण पेशव्याला ते पटले नाही. चुलता-पुतण्यात ठिणगी पडली ती इथे.

पुढच्या वर्षी दादा रुसून पुण्याबाहेर पडले, फौज जमवली आणि ज्या निजामाला सोडले होते त्याचीच मदत घेऊन पुतण्यावर चालून आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीला आणि मग आळेगावला लढाई झाली. माधवराव हरले. वय सतरा.

आता त्यांनी काय करावे? पळून जाऊन नवी फौज उभी करता आली असती. जवळ गोपाळराव पटवर्धनांसारखे निष्ठावंत होते. पण घरचे भांडण असेच लांबले तर निजाम दोघांनाही गिळेल, हे त्या मुलाच्या ध्यानात आले. तो स्वतःहून काकांच्या छावणीत गेला आणि त्यांच्या स्वाधीन झाला. त्याच्याभोवती पहारे बसले. कारभार दादांच्या आणि सखारामबापू बोकिलांच्या हाती गेला.

मी हे प्रकरण दोनतीनदा वाचले. शाळेत असताना मला राक्षसभुवनची जीत आवडायची आणि आळेगावची हार मी घाईने उरकून टाकायचो. आता पन्नाशी उलटल्यावर वाटते की, माधवरावांचा खरा राज्याभिषेक आळेगावला झाला. आपला मान मोठा की राज्य मोठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे इतक्या लहानपणी उभा राहिला आणि त्यांनी मान गिळला. अनुभव नव्हता, पण काय राखायचे ते त्यांना ठाऊक होते.

राक्षसभुवन

दादांच्या कारभाराची फळे लवकरच दिसली. त्यांनी जुने सूड उगवायला सुरुवात केली. पटवर्धनांकडून मिरज काढून घेतली, प्रतिनिधींना पदावरून दूर केले. दुखावलेले सरदार निजामाला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे गेले. मे १७६३ मध्ये शत्रूने पुणे लुटले आणि जाळले. पानिपतानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांत राजधानीची राख झाली, आणि ती जाळणाऱ्यांत आपलीच माणसे होती.

माधवराव या काळात कैदेतल्यासारखेच होते, तरी ते रुसून बसले नाहीत. काकांबरोबर फौजेत राहिले, सल्ला देत राहिले. समोरासमोर लढण्याऐवजी निजामाच्या मुलखात शिरून त्याला हैराण करायचे, असे धोरण ठरले. दरम्यान जानोजींना फोडून परत आणले गेले. १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला संधी मिळाली. गोदावरीला पूर होता. निजाम पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेचा मोठा भाग घेऊन अलीकडे राहिला होता. लढाई जुंपली तेव्हा दादांनाच शत्रूने घेरले. मागून येणाऱ्या माधवरावांनी जोराचा हल्ला करून काकांना सोडवले. साडेतीन शहाण्यांपैकी एक गणला जाणारा विठ्ठल सुंदर तिथे मारला गेला. नदीपलीकडचा निजाम नुसता पाहत राहिला.

ज्या काकाने कैदेत ठेवले त्यालाच वाचवून अठरा वर्षांच्या पेशव्याने आपला अधिकार मिळवला. सप्टेंबरात औरंगाबादेला तह झाला आणि गेलेला मुलूख परत आला. त्याहून महत्त्वाचे काम नंतर झाले. माधवरावांनी शत्रूला मिळालेल्यांवर सूड उगवला नाही. पटवर्धनांना मिरज परत मिळाली, प्रतिनिधींना त्यांचे पद मिळाले. माणसे का गेली, याचे कारण त्यांना ठाऊक होते. गोपाळराव पटवर्धन पुढे मरेपर्यंत त्यांच्यासाठी कर्नाटकात लढत राहिले.

ऐकण्याची सवय

माधवराव शिकले कसे, याचे उत्तर त्यांच्या भोवतीच्या माणसांत आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. तरुण पेशव्याचा बराच वेळ जपजाप्यात जाऊ लागला. भेटीला आलेले लोक ताटकळत बसत. शास्त्रीबोवांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, हाच मार्ग हवा असेल तर गादी सोडून गंगातीरी जाऊन राहावे, आणि गादीवर बसायचे असेल तर प्रजेचे काम हीच पूजा समजावी. पेशव्यांनी रागावण्याऐवजी आपला दिनक्रम बदलला. गोष्टीतला तपशील कमीजास्त असेल, पण रामशास्त्र्यांसारखा निर्भीड माणूस अखेरपर्यंत त्यांच्या दरबारात सन्मानाने राहिला, ही गोष्ट खरी आहे. रयतेकडून फुकट काम करून घेण्याची वेठ त्यांनी बंद करायला घेतली आणि त्यात आपल्या मोठ्या अधिकाऱ्यांचीही भीड धरली नाही.

माणसांची पारख त्यांना फार लवकर आली. पानिपताहून कसाबसा जीव वाचवून आलेले नाना फडणीस त्यांच्याहून तीनच वर्षांनी मोठे. त्यांना माधवरावांनी कारभारात पुढे आणले. पानिपतावरून पायाला कायमची जखम घेऊन परतलेले महादजी शिंदे यांचा हक्क दादांच्या राजकारणात डावलला जात होता. माधवरावांनी तो मान्य केला. १७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचे नातू मालेराव वारले. तेव्हा होळकरांची दौलत गिळायचा बेत दादांच्या आश्रयाने शिजत होता. बावीस वर्षांचे माधवराव अहिल्याबाईंच्या पाठीशी उभे राहिले आणि तुकोजी होळकरांकडे फौजेचे काम दिले. अहिल्याबाईंनी पुढे जवळजवळ तीस वर्षे कसा कारभार केला, हे आपण जाणतोच. नाना, महादजी, अहिल्याबाई. पुढच्या पिढीतली ही तीन नावे, आणि तिघांनाही योग्य वेळी आधार मिळाला तो या एका तरुणाचा.

हैदर अलीवर त्यांनी तीन मोहिमा काढल्या. १७६४-६५ च्या पहिल्या मोहिमेत हैदरला जेरीस आणल्यावर त्यांनी काकांना मुद्दाम बोलावून घेतले आणि तहाचा मान त्यांना दिला. दादांनी पुन्हा सौम्य तह केला. दुसऱ्या मोहिमेत, १७६७ साली, मदगिरीचा किल्ला घेऊन तिथे कैदेत पडलेल्या बेदनूरच्या राणीची आणि तिच्या मुलाची सुटका केली. तिसरी मोहीम १७६९ मध्ये निघाली, पण तोपर्यंत शरीर साथ देईनासे झाले होते.

काकांना त्यांनी किती वेळा सांभाळून घ्यावे? उत्तरेत मोहिमेवर पाठवले, तर दादा कर्ज करून हात हलवत परत आले आणि राज्याची अर्धी वाटणी मागू लागले. माधवराव नाशिकजवळ आनंदवल्लीला जाऊन त्यांना भेटले, कर्जाची सोय करून दिली, समजूत घातली. दादांनी पुन्हा फौज जमवली. अखेर जून १७६८ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांना गाठले, पकडले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. वाटणी मात्र दिली नाही. राज्य ही घरची मिळकत नव्हे, एवढे त्यांच्या मनात पक्के होते. मातोश्री गोपिकाबाईंशीही त्यांचे पटेनासे झाले आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. राज्य सावरताना या मुलाचे घर मात्र रिकामे होत गेले, हे लिहिताना जीव थोडा जड होतो.

पानिपताची परतफेड

१७६९ मध्ये उत्तरेकडे नवी फौज निघाली. रामचंद्र गणेश कानडे, विसाजी कृष्ण बिनीवाले, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर तिच्यात होते. पेशवा स्वतः उत्तरेकडे गेला नाही, कारण प्रकृती आणि दक्षिणेची काळजी त्याला सोडत नव्हती. पण या वेळी उत्तर जाणणारी माणसे पुढे होती. फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेल्या बादशहा शाह आलमला आणून पुन्हा तख्तावर बसवले. अब्दालीला बोलावणाऱ्या नजीबखानाच्या मुलखातही फौजा शिरल्या. पानिपताला अकरा वर्षे झाली होती. जो मुलगा त्या दिवशी पुण्यात बसून बातमीची वाट पाहत होता, त्याच्या कारकिर्दीत ही भरपाई झाली.

आपल्याला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपण राहतो त्या वेक काउंटीची स्थापना १७७१ मधली. म्हणजे महादजी दिल्लीत शिरले त्याच वर्षी. रॅलेची स्थापना अजून वीसेक वर्षे पुढे होती, आणि आपले कॅरी तर फार पुढचे.

थेऊर

माधवरावांना क्षयाने ग्रासले होते. तिसऱ्या कर्नाटक मोहिमेतून १७७० मध्ये ते आजारी होऊनच परतले. त्र्यंबकराव पेठ्यांनी पुढच्या वर्षी मोती तलावाजवळ हैदरचा मोठा पराभव केला, ती बातमी त्यांनी अंथरुणावरच ऐकली असेल. औषधोपचार झाले, पण उतार पडेना. शेवटी त्यांनी आपल्या आवडत्या चिंतामणीच्या पायाशी, थेऊरला, जाऊन राहायचे ठरवले.

शेवटच्या महिन्यांत त्यांनी जे मागे लिहून ठेवले ते नऊ कलमांचे मृत्युपत्र म्हणून प्रसिद्ध आहे. सत्तावीस वर्षांच्या माणसाला मरताना कशाची काळजी होती? राज्याचे कर्ज फिटावे. वसुलीच्या नावाखाली रयतेला होणारा जाच थांबावा. काशी आणि प्रयाग ही तीर्थे आपल्या अमलात यावीत. रुसून दूर गेलेल्या आईची काशीयात्रेची इच्छा पुरी व्हावी. काकांची नीट सोय लागावी. त्यांनी दादांना कैदेतून मोकळे केले, जवळ बोलावले आणि धाकटा भाऊ नारायणराव याला त्यांच्या स्वाधीन केले.

१८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमी. चिंतामणीच्या सान्निध्यात माधवरावांनी प्राण सोडला. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. मुळा-मुठेच्या काठी त्यांचे स्मारक आहे. आजोबा दर वेळी तिथे हात जोडायचे आणि गप्प उभे राहायचे. त्या कोवळ्या मुलीचे जाणे मला आज गौरवाचे वाटत नाही, फक्त दुःखाचे वाटते. पण तेव्हाच्या लोकांना एकाच दिवशी दोघे गेल्याचे केवढे दुःख झाले असेल, ते त्या काठावर उभे राहिले की समजते. माधवरावांचे अकाली जाणे हा पानिपताइतकाच मोठा घाव होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

जे राहून गेले

इथे लेख संपवला तर तो आरतीसारखा गोड होईल. पण मुलीने पुढचा प्रश्न विचारलाच की, त्यांच्यानंतर कोण आले?

नारायणराव पेशवे झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते. म्हणजे माधवरावांहून एक वर्षाने मोठेच. पण त्यांच्या वाट्याला आळेगाव आले नव्हते, राक्षसभुवन आले नव्हते. काकांशी पुन्हा बिनसले, दादा पुन्हा वाड्यात नजरकैदेत पडले, पगार थकल्याने गारदी चिडले होते आणि वाड्यात कट शिजत होता. त्याचा सुगावा तरुण पेशव्याला वेळेवर लागला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भरदुपारी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, गणपतीचेच दिवस. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दादांना दोषी ठरवले आणि ते पुणे सोडून गेले. दादा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेला तह केला आणि मराठ्यांच्या घरात इंग्रजांचा पाय पडला. नाना फडणीसादी कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या बाळाला पेशवा करून राज्य सांभाळले. त्या बाळाचे नाव सवाई माधवराव ठेवले, यात काय ते आले.

म्हणून मला वाटते, माधवरावांच्या चरित्रात शिकण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. एक तर अननुभव हा गुन्हा नव्हे. चूक कबूल करण्याची, अपमान गिळण्याची आणि खरे बोलणाऱ्याला जवळ ठेवण्याची तयारी असेल, तर सोळा वर्षांचे पोरही बुडते जहाज काठाला लावते. दुसरी गोष्ट बोचरी आहे. स्वतः इतक्या हालांतून शिकलेल्या माधवरावांनाही आपल्या मागच्याला शिकवून तयार करता आले नाही. युद्धे, आजार, कर्ज यांत वेळच उरला नाही. सगळे राज्य एका माणसाच्या खांद्यावर उभे राहिले आणि तो खांदा सत्ताविसाव्या वर्षी निखळला. पानिपताआधी नानासाहेबांनी धाकट्याला तयार केले नाही, आणि थेऊरआधी धाकट्यानेही त्याच्या धाकट्याला केले नाही.

आपले काम राज्याएवढे मोठे नाही. पण इथल्या गणेशोत्सवात मीही वर्षानुवर्षे जमाखर्चाची वही माझ्याच हाती धरून बसलो आहे. तरुणांना अनुभव नाही, ही माझी नेहमीची सबब. अनुभव द्यायचा कोणी, हा विचार मी केला नव्हता. यंदा ती वही मी दोन कॉलेजातल्या मुलांच्या हाती दिली आणि शेजारी बसलो. बेरीज एकदा चुकली, त्यांची त्यांनीच दुरुस्त केली. मी पाय जमिनीवर घट्ट रोवून बसलो होतो, एवढे मात्र खरे.

मुलगी कार्यक्रमात थेऊरची गोष्ट सांगणार आहे. तालमीला ती स्वतः गाडी चालवत जाते आणि नऊच्या आत परतते. चिंतामणी तिच्या आणि आपल्या सगळ्यांच्या मुलांच्या पाठीशी राहो, आणि आपल्या मोठ्यांना योग्य वेळी शेजारच्या सीटवर सरकण्याची बुद्धी देवो, हीच या गणेशोत्सवात त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!